जोडी सुटल्यावर एकटीने गाताना

आधीच सांगून टाकते, मी गायिका वगैरे अजिबात नाही. नॅशव्हिलला राहते आणि हॉस्पिटलांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळते. बाहेरच्यांना हे गाव म्हणजे गिटार आणि काउबॉय हॅट वाटतं, पण इथे हॉस्पिटल कंपन्यांचाही प्रचंड पसारा आहे आणि आपले बरेचसे देशी लोक त्यांच्याच पगारावर जगतात. तरी गाणं काही सुटत नाही. ऑफिसात शेजारी बसणारा टेस्टर रात्री कुठेतरी बेस वाजवत असतो, दात साफ करणारी बाई बोलता बोलता सांगते की ती एकेकाळी कुणाच्यातरी टूरवर बॅकअप गायची. अशात टीममधल्या एका केंटकीच्या मैत्रिणीने मला संध्याकाळच्या हार्मनीच्या क्लासला ओढून नेलं आणि मी अडकले.

हार्मनी आपल्या कानाला किती परकी आहे ते तिथे जाऊन कळलं. मी लहानपणी सांगलीत पेटीच्या क्लासला जायचे. आपल्याकडे चार जणांनी मिळून गायचं म्हणजे चौघांनी एकाच सुरात गायचं, आरती असो नाहीतर शाळेतलं समूहगीत, एखाद्याचा सूर वेगळा लागला की बाई पेटी थांबवून त्याच्याकडे बघणार. आणि इथे नेमकं तेच करायचं, शेजारणीने सा लावला की आपण ग लावायचा, ती रे वर गेली की आपण म वर, आणि तिच्या सुरात न घसरता तिच्या बरोबरीने शेवटपर्यंत चालायचं. मी दर दोन ओळींनी तिच्या सुरावर जाऊन पडायचे. शेवटी घरी पेटी काढली (विमानातून सांभाळून आणलेली, नवऱ्याच्या मते उगाच आणलेली) आणि सगळी ओळ सरगममध्ये लिहून काढली. कंट्री म्युझिकमधली बरीचशी साधी गाणी आपल्या बिलावलच्या आसपासच फिरतात, त्यामुळे सा-ग, रे-म, ग-प असं एकदा बोटांत बसल्यावर गळ्यातही बसलं.

क्लास घेणारी बाई सत्तरीकडे झुकलेली, आयुष्य गेलं म्युझिक रोवर, म्हणजे सोळाव्या-सतराव्या अव्हेन्यूवर जे स्टुडिओ आणि ऑफिसं आहेत तिथे, दुसऱ्यांच्या गाण्यांमागे आवाज देण्यात. तिने आम्हा दोघींना होमवर्क दिलं ते द जड्सचं. केंटकीवाली खुश, कारण ही माय-लेकींची जोडी मूळची तिच्याच राज्यातल्या अ‍ॅशलंडची. ती लीड, म्हणजे मुख्य आवाज, गाणार म्हणजे वायनोना, मी हार्मनी म्हणजे आई, नेओमी. वयाने मीच मोठी होते त्यामुळे हे वाटप कुणी विचारलंच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेओमी जड इथून जवळच फ्रँकलिनच्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती. ब्रेंट माहेर नावाच्या प्रोड्युसरची मुलगी अपघात होऊन तिथे अ‍ॅडमिट झाली, तिची देखभाल नेओमीने केली आणि त्या ओळखीतून दोघींची टेप त्याच्या हातात गेली. १९८३ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांसमोर दोघींनी प्रत्यक्ष गाऊन दाखवलं आणि सही झाली. पुढच्या वर्षी 'मामा ही'ज क्रेझी' नंबर वन. त्यानंतर एकूण चौदा नंबर वन गाणी, पाच ग्रॅमी, आणि कंट्री म्युझिक असोसिएशनचं बेस्ट ग्रुप किंवा बेस्ट ड्युओचं बक्षीस १९८५ ते १९९१ सलग सात वर्षं. वाद्यं मोजकीच, डॉन पॉटरची अकूस्टिक गिटार, आणि मधे हे दोन आवाज. मुलगी सगळं गाणं ओढून नेते, आई कडेकडेने चालते, पण आईचा आवाज मनातल्या मनात काढून बघा, गाणं लगेच वेगळं होतं. रक्ताच्या नात्यातल्या आवाजांचं जमतं ते परक्यांचं जमत नाही असं आमची बाई म्हणायची, आणि तरी आम्हाला त्यांचीच गाणी द्यायची.

आमचं बरं चाललं होतं. चर्चच्या हॉलमध्ये, कुणाच्या पन्नाशीच्या पार्टीत, एकदा तर आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमातही गायलो, लोकांनी भज्यांच्या प्लेट हातात धरून टाळ्या वाजवल्या. मग तिच्या नवऱ्याची बदली ऑस्टिनला झाली आणि ती गेली. भांडण नाही, काही नाही. मी बाईंना मेसेज केला की आता थोडे दिवस ब्रेक घेते. त्यावर तिचं उत्तर आलं की ब्रेक वगैरे काही नाही, वायनोनाचा पहिला सोलो अल्बम काढ, त्यातलं 'शी इज हिज ओन्ली नीड' बसव, आणि पुढच्या ओपन माइकला (म्हणजे कुणीही येऊन गावं अशा कार्यक्रमाला) एकटीने गा. मी आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर आई म्हणाली, "मग म्हण की गं एकटीच, तुला काय कुणी खाणार आहे का तिथं?"

खरं म्हणजे माझी परिस्थिती वायनोनाच्या उलटी होती. तिची आई आजारपणामुळे थांबली, म्हणजे तिच्या जोडीतून हार्मनी गेली आणि लीड उरली. माझ्या जोडीतून लीड गेली आणि हार्मनी उरली. हे दोन्ही प्रकार एकच नाहीत आणि त्यातला फरक मला पुढे गळ्याने कळत गेला.

पहिला प्रश्न बाईंनी विचारला, तुझी 'की', म्हणजे पट्टी, कुठली? आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं. इतकी वर्षं आम्ही केंटकीवालीच्या पट्टीत गायचो, कारण लीडला सोयीची पट्टी ती गाण्याची पट्टी, हार्मनीवाल्याने आपलं त्यात बसवून घ्यायचं. मी पुन्हा पेटी घेऊन बसले, काळी पाचपासून एकेक पट्टी खाली येत गेले, आणि लक्षात आलं की मी कायम माझ्या आवाजाच्या छताला डोकं लावून गात होते. खाली आल्यावर आवाज एकदम मोकळा झाला, नवरा आतून येऊन विचारून गेला की हे कोण गातंय. इथली एक गंमत आवडते मला, वादकांसमोर जो कागद असतो त्यावर कॉर्डची नावं नसतात, नुसते आकडे असतात, १, ४, ५. नॅशव्हिल नंबर सिस्टिम म्हणतात त्याला, पन्नाशीच्या दशकात इथल्या जॉर्डनेअर्स ग्रुपमधल्या नील मॅथ्यूजने काढलेली आणि चार्ली मॅकॉयसारख्या स्टुडिओतल्या वादकांनी सगळीकडे पसरवलेली. गायिकेने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो. सा कुठेही धरा, सरगम तीच, हे ज्याला लहानपणीच शिकवलंय त्याला ती समजायला पाच मिनिटं लागतात. माझ्या क्लासमधल्या अमेरिकन लोकांना जास्त वेळ लागला, हे सांगताना मला थोडा आनंद होतोय.

दुसरी अडचण अशी की मी प्रत्येक ओळ किंचित उशिरा उचलत होते. हार्मनी गाणारा लीडच्या ओठांकडे बघत असतो, ती कधी उचलते, कुठे श्वास घेते, शेवटचा सूर किती लांबवते, आणि तिच्यामागे केसभर अंतराने निघतो. आता समोर कोणीच नाही आणि मी कुणाची तरी वाट बघतेय. बाईंनी फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं तेव्हा मला ते ऐकवेना. कोरसला तर मजाच, शब्द बरोबर, ताल बरोबर, आणि मी बेधडक ग वर. मुखड्याचा सूर सोडून हार्मनीचीच ओळ गात होते आणि मला पत्ताही नाही. बाई हसून हसून खोकायला लागली.

आणि तिसरी गोष्ट मला कुणी सांगितली असती तर मी विश्वास ठेवला नसता. बॅकअप गाणारे लोक शब्दाच्या शेवटचे स आणि ट मुद्दाम गिळतात. दोघांनी मिळून स म्हटला आणि पाव सेकंदाचा फरक पडला तरी माइकमध्ये साप सोडल्यासारखा आवाज येतो, म्हणून लीडने एकटीने स म्हणायचा, बाकीच्यांनी नुसता स्वर धरून ठेवायचा. मला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की एकटीने गाताना माझे निम्मे शब्द शेपटाशिवाय बाहेर पडत होते. आणि हे गाणं म्हणजे गोष्ट आहे, डेव्ह लॉगिन्सने लिहिलेली, बिली नावाचा एकलकोंडा माणूस आणि त्याची बायको बॉनी, तिच्यासाठी वस्तू आणता याव्यात म्हणून तो जास्तीचं काम करत राहतो एवढीच. शब्द कळले नाहीत तर त्यात उरतं काय? मग कारमध्ये, आय-६५ हायवेच्या ट्रॅफिकमध्ये, नुसते शब्दांचे शेवट म्हणत बसायचे, शेजारच्या गाडीतले लोक बघायचे.

या सगळ्या काळात तो १९९२ चा अल्बम कानात चालूच होता, आणि जितकं स्वतःचं अडत होतं तितकं त्या अल्बममागचं डोकं कळत होतं.

झालं असं होतं की नेओमीला हेपटायटिस सी निघाला. नर्स असताना सुई टोचून लागण झाली असावी असं ती सांगायची. ऑक्टोबर १९९० मध्ये तिने थांबत असल्याचं जाहीर केलं, मग वर्षभर निरोपाची टूर, आणि शेवटचा शो ४ डिसेंबर १९९१ ला इथून तासाभरावरच्या मर्फ्रीसबरोला, युनिव्हर्सिटीच्या मर्फी सेंटरमध्ये, टीव्हीवर पैसे भरून बघायचा कार्यक्रम होता तो. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, जानेवारी १९९२ मध्ये, सत्तावीस वर्षांची वायनोना अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सच्या स्टेजवर एकटी उभी राहून हेच बिली-बॉनीचं गाणं गायली. विशीच्या आतबाहेर असल्यापासून ती कधी आईशिवाय स्टेजवर गेली नव्हती. मला त्या निवडीचं फार कौतुक वाटतं. सगळ्या देशाला माहीत आहे की आई आजारी आहे, जोडी तुटली आहे, एखादं रडकं निरोपाचं गाणं घेऊन आली असती तर लोकांनी डोळे पुसत विकत घेतलं असतं. तिने घेतली तिसऱ्याच दोघांची गोष्ट. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. गाणारी नुसती सांगते आणि बाजूला होते, त्यामुळे शेजारची जागा रिकामी आहे हे डोक्यातही येत नाही.

अल्बम ३१ मार्च १९९२ ला आला, नाव नुसतं 'वायनोना'. प्रोड्युसर बदललेला, ब्रेंट माहेरऐवजी टोनी ब्राउन, जो एल्व्हिसच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. आईची जागा भरायला दुसरी बाई आणून उभी केली नाही, तर मुळात ती जागाच मोडून टाकली. 'नो वन एल्स ऑन अर्थ' लावून बघा, ते जड्सच्या अंगणातलं गाणंच नाही, ठेका वेगळा, आवाजात खर, कोमल गंधाराकडे घसरून परत वर येणं, ब्लूज आणि सोलचं सगळं सामान. हे सगळं तिच्या गळ्यात आधीही होतं, पण जोडीत असताना मुलीला इतकं मोकाट सुटता येत नाही, कारण शेजारची हार्मनी त्या वळणांबरोबर कशी जाणार? हे मी हार्मनीवाली म्हणून सांगतेय. लीडने हरकती घेतल्या की आमचे हाल होतात. 'आय सॉ द लाइट' हे आणखी एक, नाव हँक विल्यम्सच्या प्रसिद्ध भजनाचं, पण आत खिडकीतून आपल्या माणसाची भानगड बघणारी बाई. ही तिन्ही गाणी लागोपाठ नंबर वन झाली आणि अल्बमला पन्नास लाखांचं, म्हणजे पाच पट प्लॅटिनम सर्टिफिकेट मिळालं. चौथं 'माय स्ट्राँगेस्ट वीकनेस' मात्र माइक रीडबरोबर खुद्द नेओमीने लिहिलेलं. आई गाण्यातून गेली, अल्बममधून गेली नाही.

प्रत्येकाचं असं होत नाही. रॉनी डनचं बघा. ब्रुक्स अँड डन या दुसऱ्या कंट्री जोडीचे बहुतेक सगळे हिट त्याच्याच आवाजात, २ सप्टेंबर २०१० ला नॅशव्हिलच्या ब्रिजस्टोन अरीनात शेवटचा शो झाला, जून २०११ मध्ये सोलो अल्बम आला, कंपनी तीच, आवाज तोच आणि जवळपास मिजासही तीच. 'ब्लीड रेड' पहिल्या दहात कसंबसं पोचलं. पुढच्या वर्षी कंपनी सुटली आणि काही वर्षांनी दोघं परत एकत्र. माझं मत विचाराल तर त्याच्या आवाजात काडीची कमतरता नव्हती, पण लोकांना तो ब्रुक्स नसलेला ब्रुक्स अँड डनचा अल्बम वाटला असणार. त्यातलं 'कॉस्ट ऑफ लिव्हिन' मात्र मी कुणालाही ऐकवायला तयार आहे, सैन्यातून आलेला बेकार माणूस नोकरी मागायला आलाय, सगळं गाणं म्हणजे त्याचं इंटरव्ह्यूमधलं बोलणं. ग्रॅमीचं नॉमिनेशनही मिळालं होतं त्याला.

आणि आम्हा दुसऱ्या आवाजांचं काय? किक्स ब्रुक्सचा सोलो २०१२ मध्ये आला, शुगरलँड या जोडीतल्या क्रिस्टियन बुशचा २०१५ मध्ये, फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या जोडीतल्या ब्रायन केलीचा २०२१ मध्ये. तिघेही पक्के कलाकार, स्वतः गाणी लिहिणारे. पण शेवटच्या दोघांच्या जोडीतले लीड, जेनिफर नेटल्स किंवा टायलर हबर्ड, एकटे निघाले की बातमी होते, हे निघाले की लोक विचारतात, हा गातो पण का? मी तिघांचेही अल्बम शोधून ऐकले, अगदी लक्ष देऊन, ओळ कुठे उचलतात, शब्दाचा शेवट कसा सोडतात ते. क्रिस्टियन बुशचा सगळ्यात आवडला, माणूस गप्पा मारल्यासारखा गातो आणि मोठा आवाज असल्याचा आव आणत नाही. मला तेच हवं होतं. वायनोनाची नक्कल करायची माझी ऐपत नव्हतीच, त्यामुळे मी तिचं गाणं पुष्कळ खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखं बसवलं. बाईंनी मान हलवली, म्हणजे तिच्याकडून खूपच झालं.

ओपन माइक एका छोट्या कॅफेत होता. प्रसिद्ध ब्लूबर्डमध्ये नाही हं, तिथे स्वतः लिहिलेली गाणी लागतात, कॅफे असलं तरी तिथली ऑडिशन म्हणजे यूपीएससी. इथे गिटारला एक मुलगा होता, त्याला आकड्यांचा कागद दिला, त्याने एकदा बघितला आणि घडी करून खिशात टाकला. मी बाईंना विनवलं होतं की निदान कोरसला मागून आवाज द्या, तिने साफ नकार दिला आणि पार शेवटच्या टेबलावर जाऊन बसली. पहिल्या कडव्याला पाय थरथरत होते, घसा कोरडा, पण ओळी वेळेवर उचलल्या. पुढच्याच टेबलावर एकजण फ्राइज खात होता, तो शेवटपर्यंत खातच राहिला. कोरसला एका जागी हार्मनीचा सूर जिभेवर आला आणि मी मुखड्यावर टिकून राहिले, हे फक्त मला आणि शेवटच्या टेबलावर कळलं असणार. टाळ्या ठीकठाक. एका म्हाताऱ्या आजोबांनी येऊन सांगितलं की बिलीची गोष्ट पूर्ण कळली, आणि एवढं बोलून ते बार्बेक्यूबद्दल बोलायला लागले. मी मात्र त्या रात्री सगळ्या स आणि ट वर खुश होते.

त्यानंतर एक गोष्ट मुद्दाम बघितली. नेओमी ३० एप्रिल २०२२ ला गेली, दुसऱ्याच दिवशी द जड्सना कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं, आणि दोघींची ठरलेली टूर वायनोनाने पार पाडली. त्यातला एक शो मुद्दाम त्याच मर्फी सेंटरमध्ये ३ नोव्हेंबर २०२२ ला ठेवला होता. टीव्हीवर त्याचं रेकॉर्डिंग आहे. तीस वर्षांपूर्वी जिने आईच्या जागी कुणालाच उभं केलं नव्हतं, तिच्याबरोबर इथे ब्रँडी कार्लाइल, मार्टिना मॅकब्राइड, अ‍ॅशली मॅकब्राइड, लिटल बिग टाउन असे आळीपाळीने येतात. सगळ्याच एकाहून एक गाणाऱ्या, आणि प्रत्येकीची नजर वायनोनाच्या ओठांवर. ते मी ओळखते.

केंटकीवालीला माझं रेकॉर्डिंग पाठवलं, तिचं उत्तर आलं की पट्टी किती खाली घेतलीस गं. म्हटलं, ही माझी आहे. आता ती थँक्सगिव्हिंगला येणार आहे आणि तिला एकत्र जड्सचं 'ग्रँडपा' गायचंय. मी अट घातली आहे, या वेळी लीड मी. ती अजून हो म्हणालेली नाही.